शेंगा न देणारे खरनूब

पुष्कळ जुन्या काळी, राज्य कुणाचं होतं हेही आता कुणाला सांगता येणार नाही अशा काळी, एके दिवशी असं ऊन पडलं होतं की पाखरांनीसुद्धा तोंडं मिटून घेतली होती. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. सकाळी थोडा वारा आला, त्याने धूळ उचलली, आणि तो तसाच निघून गेला. दगडाला हात लावला तर चटका बसे. गावचं कुत्रं एका बैलगाडीखाली पडलं होतं. सावली सरकली की तेही सरके, पण उठत नसे, नुसतं घसटत जाई.

असं ऊन त्या गावाला नवं नव्हतं. गाव होतं माळावर. पाऊस वर्षातून मोजके दिवस यायचा, पाहुण्यासारखा, आणि पाहुण्यासारखाच निघायची घाई करायचा. हुलगा व्हायचा, थोडी बाजरी व्हायची. माणसांचं कसंबसं भागायचं. जनावरांचं भागत नसे. चैत्र लागला की माळावरचं गवत संपे. मग गावातली सगळी गुरं डोंगरापलीकडे, नदीच्या मुलखात न्यावी लागत. वाट वाईट. दहा गुरं गेली तर सात परत येत. सटवाजी नावाच्या म्हाताऱ्याचे दोन्ही बैल असेच एका वर्षी गेले आणि आले नाहीत. तेव्हापासून त्याचा गोठा रिकामा होता.

तर त्या उन्हाच्या दिवशी गावाबाहेर व्यापाऱ्यांचा एक तांडा थांबला. त्यांच्या बैलांच्या पाठीवर गोण्या होत्या. बैल मात्र कसे? अंगावर हात फिरवला तर घसरेल असे. ते उभ्या उभ्या काळपट तपकिरी शेंगा चघळत होते. सटवाजी जवळ गेला आणि बराच वेळ नुसता बघत राहिला. तो माणूसच तसा होता. बघायला त्याला वेळ लागे, बोलायला त्याहून जास्त.

शेवटी त्याने विचारलं, "काय खातात ही?"

"खरनूब," व्यापारी म्हणाला.

"कुठं होतो?"

"जिथं दुसरं काही होत नाही तिथं. ऊन लागतं. खडक चालतो. पाऊस आला तर बरं, नाही आला तर झाड तक्रार करत नाही."

"ऊन आणि खडक," सटवाजी म्हणाला. "आमच्याकडे तेवढंच आहे."

व्यापारी हसला. त्याने ओंजळभर बिया दिल्या. चकचकीत, टणक, सगळ्या एकसारख्या. म्हणाला, "रात्रभर कढत पाण्यात ठेव. सकाळी जी फुगली असेल तीच लाव. जिथं लावशील तिथून हलवू नकोस. पहिली दोन वर्षं बेतानं पाणी, मग तेही नाही. सात वर्षं वाट बघ."

एक गोष्ट सांगायची मात्र तो विसरला. त्याच्या मुलखात ती लहान पोरालाही ठाऊक असेल, म्हणून त्याला ती सांगण्यासारखी वाटली नसेल. बाळांनो, पुढचा सगळा ताप त्या एका गोष्टीतून झाला.

सटवाजी पाटलाकडे गेला आणि गावामागचा उघडा माळ मागितला.

"तिथं?" पाटील म्हणाला. "तिथं सरड्याशिवाय काही होत नाही. घे बाबा. सरड्यांना तेवढं विचारून घे."

सटवाजीने चाळीस खड्डे खणले. प्रत्येक खड्ड्यात एक बी. चाळीसही उगवली. आणि मग गावाने मदत करायला सुरुवात केली.

त्या गावाची एक रीत होती. विहीर लांब होती. पाणी आणताना वाटेत जे रोप दिसेल त्याच्या मुळाशी घागरीतलं ओंजळभर पाणी घालायचं. रीत चांगलीच होती. पण चांगल्या रीतीचा ताप वाईट रीतीहून जास्त, कारण तिच्यावर रागावता येत नाही. विहिरीची वाट माळाच्या कडेने जात होती. पाणी आणणाऱ्या बाया तीस, आणि खेपा दिवसाला दोन. हिशेब तुम्हीच करा.

रोपांची पानं पिवळी पडू लागली. बायांना वाटलं, तहानली. त्यांनी दोन-दोन ओंजळी घातल्या.

या सगळ्यांत पुढे होती सटवाजीची शेजारीण, ठकूबाई. मनाने मोठी, आवाजाने त्याहून मोठी. सटवाजी वाटेवर उभा राहून तिला म्हणाला, "ठकू, पाणी नको घालूस. मुळं कुजतात."

"अहो बाबा, पिवळी पडली की ती!"

"पाण्यानंच पडली."

"पाण्यानं कधी कुणी पिवळं पडतं का? बाबा, तुम्ही जरा सावलीत बसा बरं. उन्हानं होतं असं."

 दुसऱ्या दिवशी सटवाजीने वाटेच्या बाजूने काट्यांचं कुंपण घातलं. ठकूबाईने कुंपणाबाहेर उभं राहून घागर खांद्यावर घेतली आणि पाणी आत फेकलं. काय नेम होता बाईचा! बरोबर मुळाशी पडलं. बाकीच्या बायांनाही तिने दोन दिवसांत शिकवलं.

बारा रोपं कुजून गेली. मग सटवाजीने काय केलं? भांडला? नाही. त्याने वाकून कुंपण दहा पावलं मागे नेलं, आणि वाटेच्या कडेला, जिथे पाणी पोचेल तिथे, भोपळ्याचा एक वेल लावून दिला. बाया त्याला पाणी घालू लागल्या. वेल माजला. त्याचे भोपळे मात्र बायाच घरी नेत.

मग पाटील आला. म्हणाला, "बरी दिसतात रे रोपं. दोन माझ्या दारात लावतो."

सटवाजी म्हणाला, "पाटील, हलवू नये म्हणतात."

हे तो इतक्या हळू म्हणाला की पाटलाने ते ऐकलंच नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. पाटलाच्या माणसांनी दोन रोपं उपटली. वर वीतभर रोप, खाली दोन हात मूळ, दोरासारखं सरळ गेलेलं. ते तुटलं. दारातली रोपं आठ दिवसांत वाळली, आणि पाटील चावडीवर म्हणाला, "सटवाजीचं बियाणंच पोकळ."

राहिली सव्वीस. ती मात्र जगली. उन्हात उभी राहिली, खडक फोडून खाली गेली, आणि कुणाकडे काही न मागता वाढली. पानं जाड, गर्द हिरवी. भर वैशाखात सगळा माळ भाजून निघालेला असताना तेवढाच तुकडा हिरवा दिसे. सटवाजी तिथे दिवसभर बसून असे. लोक विचारत, "काय करता बाबा तिथं?" तो म्हणे, "बघतोय." लोक एकमेकांकडे बघून डोकं हलवत.

सात वर्षं झाली, पाऊसकाळ संपला, आणि झाडांना फुलं आली. जुन्या जाड फांद्यांच्या सालीतूनच छोटे छोटे तुरे फुटले. आता गाव आनंदाने नाचेल असं तुम्हाला वाटेल. गावाने नाक धरलं.

कारण सव्वीसपैकी दहा झाडांच्या फुलांना घाण वास येत होता. ताक चार दिवस विसरून राहावं आणि त्यात काहीतरी पडून मरावं, तसा.

"बाबा, माळावर काय मेलंय?" ठकूबाईने ओरडून विचारलं.

"फुलं आहेत."

"कुणाची? राक्षसाची?"

महिन्याभराने वास गेला. पुढच्या भाद्रपदात सोळा झाडांना शेंगा पिकल्या. चार टोपल्या झाल्या. त्या वासाच्या दहा झाडांना एकही शेंग नव्हती.

आता त्या गावाची दुसरी रीत सांगतो. पहिलीहून ही बरीच वाईट, पण गावाला तिचा अभिमान फार. पाऊस सरला की गावातली हत्यारं धुऊन पुसून पूजली जात. त्या दिवशी सुतार कुऱ्हाड घेऊन निघे आणि ज्या झाडाला वय होऊनही फळ नाही त्याच्यापुढे उभा राही. सगळा गाव मागे. सुतार कुऱ्हाडीच्या पाठीने बुंध्यावर तीन ठोके मारी आणि विचारी, "देतोस का तोडू?"

झाड बोलत नाही. मालकाला बोलायची बंदी, कारण तो आपल्या झाडाची बाजू घेणारच. बोलायचं मालकाच्या शेजाऱ्याने. शेजाऱ्याने म्हणायचं, "थांबा, पुढच्या साली देईल, माझी हमी." की सुतार कुऱ्हाड खांद्यावर टाकून पुढे जाई. शेजारी गप्प राहिला तर झाड पडे. हमी दिली आणि फळ आलं नाही तर वर्षभर गाव त्या शेजाऱ्याला हसे.

पुष्कळदा आंब्याला, चिंचेला पुढच्या साली फळ येई. त्यांचं वयच झालेलं असे, ती येणारच होती. पण गाव म्हणे, "बघा, कुऱ्हाडीला भ्यालं." असा एकेक आंबा भीत गेला आणि रीत पक्की होत गेली.

पहिल्या साली सुताराने दहा खरनुबांना विचारलं. ठकूबाईने पदर खोचून दहा वेळा खणखणीत हमी दिली. तिला अशा ठिकाणी बोलायला आवडे.

दुसऱ्या हंगामात शेंगा चांगल्या आल्या. सोळाच झाडांना. चैत्रात अर्धी गुरं गावात राहिली. बाळांनो, त्या गावात चैत्रात हंबरणं ऐकू येणं ही काय गोष्ट होती, ते तुम्हाला कळायचं नाही. म्हातारी माणसं अंगणात येऊन नुसती ऐकत उभी राहिली. ठकूबाईची तांबडी गाय घरच्या गोठ्यात व्याली. दर वर्षी तिचं वासरू वाटेत कुठेतरी जन्मायचं आणि तिथेच राहायचं. हे वासरू जगलं. ठकूबाई खरवस घेऊन सटवाजीकडे आली आणि पहिल्यांदाच काही न बोलता परत गेली.

पण त्या दहा झाडांना शेंग नव्हती. पोरं, बाप्ये, म्हाताऱ्या, सगळे तिला विहिरीवर विचारत, "काय ठकूबाई, तुमची हमीची झाडं कधी बाळंत व्हायची?" दुसऱ्या सालीही तिने हमी दिली, पण या वेळी पुटपुटत.

इकडे सटवाजी बघतच होता. इतकी वर्षं बघितल्यावर त्याच्या काही गोष्टी ध्यानात आल्या होत्या. फुलं आली की माश्या आधी त्या वासाच्या झाडांवर तुटून पडत, तिथून पिवळी धूळ अंगाला लावून बाकीच्या झाडांवर जात. त्या दहांच्या आसपास जी झाडं होती ती शेंगांनी वाकत. जी लांब होती त्यांना कमी. त्याने एक युक्ती केली. शेंगा देणाऱ्या एका झाडाची एक फांदी फुलं उमलायच्या आधीच जुन्या पातळ फडक्याने गुंडाळून ठेवली, माशी आत जाणार नाही अशी. महिन्याने फडकं सोडलं. सगळं झाड शेंगांनी लगडलं, ती फांदी रिकामी राहिली.

तो ठकूबाईला माळावर घेऊन गेला. म्हणाला, "ठकू, ताडात कसे नर-मादी असतात, तसं आहे हे. ही दहा नर आहेत. ती शेंग देत नाहीत, पण त्यांच्यावाचून बाकीच्यांना शेंग धरत नाही. ही फांदी बघ."

ठकूबाईने फांदी बघितली. फडकं बघितलं. म्हणाली, "गुदमरली असेल."

"अगं, पातळ फडकं आहे. वारा जातो."

"पण तोंड झाकल्यावर बाबा, तुम्हाला तरी शेंगा येतील का?"

यावर माणसाने काय बोलावं? 

सटवाजी पाटलाकडे गेला. चावडीवर पाच-सहा जण होते. त्याने सगळं सांगितलं, आपल्या चालीने, मधे मधे थांबत. तो नरापर्यंत पोचला तेव्हा हशा पिकला.

"नर आहेत तर लग्नं लावून टाक की!" एक जण म्हणाला. "दहा नवरे, सोळा नवऱ्या. हळद किती लागेल?"

"आणि नवरे आंघोळ करत नाहीत," दुसरा म्हणाला.

पाटीलही हसला. हसता हसता म्हणाला, "सटवाजी, तुझ्या सोळा झाडांनी गावावर उपकार केले, ते मी विसरत नाही. पण ही दहा जागा अडवून बसलीत. ती काढली तर तिथं शेंगा देणारी दहा लावता येतील. गुरं आणखी राहतील. यात वाईट काय आहे ते सांग."

सटवाजी सांगायला शब्द शोधू लागला. त्याला ते सापडेपर्यंत बैठक उठली होती.

तिसऱ्या हंगामात शेंगा इतक्या आल्या की कोठ्या भरल्या. गावातलं एकही जनावर येत्या चैत्रात डोंगर चढणार नव्हतं. गाव खुशीत होतं, आणि खुशीतलं गाव फार हुशार होतं. हत्यारांच्या पूजेचा दिवस आला. फुलं उमलायला अजून आठेक दिवस होते.

सुतार पहिल्या नराजवळ गेला. तीन ठोके मारले. "देतोस का तोडू?"

सगळ्यांनी ठकूबाईकडे बघितलं.

"बोल, ठकू," सटवाजी तिच्या मागे उभा राहून कुजबुजला.

ठकूबाई गप्प.

"बोल की. तुला दाखवलं ना मी."

ती मागे न बघता दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, दोन वर्षं बोलले. विहिरीवर तोंड दाखवायची सोय राहिली नाही. तिसऱ्यांदा खोटी पडू का?"

"खोटं नाही ते."

"शेंग आली नाही म्हणजे खोटंच."

सुताराने पुन्हा विचारलं. ठकूबाईने पायाकडे बघितलं. कुऱ्हाड उलटी होती ती सुलटी झाली.

पहिलं झाड पडलं. दुसरं पडलं. बाळांनो, मी शांत माणूस आहे, पण ही गोष्ट सांगताना दर वेळी माझा जीव इथे तडफडतो. एकामागून एक नऊ झाडं पडली, आणि सटवाजी उभा होता, तोंड मिटून. का? तर मालकाने बोलायचं नाही अशी रीत होती! सत्तर वर्षं त्याने रीत मोडली नव्हती. आणि ज्यांनी बोलायचं ते आपलं हसं होईल म्हणून गप्प होते.

दहाव्या झाडाशी सुतार पोचला तेव्हा सटवाजी बुंध्याला पाठ लावून खाली बसलेला होता.

"बाबा, उठा," सुतार म्हणाला.

सटवाजी उठला नाही. बोललाही नाही.

"पाटील, आता?"

दिवस कलला होता, सगळे दमले होते, सरपण भरपूर झालं होतं. पाटील म्हणाला, "राहू दे. म्हाताऱ्याला वासाची सवय झालीय, एक असू दे त्याला हुंगायला." सगळे हसत घरी गेले.

येणारा उन्हाळा कोठीतल्या शेंगांवर निघाला. सगळी गुरं घरी राहिली. वासही कमी आला. लोक सटवाजीला माळावर गाठून म्हणत, "बघा बाबा! तोडले तर काय बिघडलं? उलट हवा सुधारली." कोठीतल्या शेंगा नर उभे असताना धरलेल्या होत्या, हे त्याने दोघा-तिघांना समजावून पाहिलं. ते "हो हो" म्हणाले आणि आपल्या वाटेने गेले. तोडलेल्या जागी पाटलाने मोठ्या थाटात नऊ बिया लावल्या. त्यांतल्या किती नर निघतील आणि किती मादी, हे सात वर्षांनी कळणार होतं. ते सांगायला सटवाजीने तोंड उघडलं आणि परत मिटलं.

मग भाद्रपद आला. माणसं टोपल्या घेऊन माळावर गेली. राहिलेल्या नराच्या अवतीभवतीच्या तीन झाडांना शेंगा होत्या. बाकीच्या तेरा झाडांची पानं कशी, गर्द हिरवी, तुकतुकीत. शेंग एकही नाही.

लोक झाडाखाली फिरले, वर बघितलं, पानं उलटी करून बघितली. मग ज्याला जे सुचलं ते त्याने सांगितलं. एक म्हणाला दृष्ट लागली. एक म्हणाला कुऱ्हाडीचा धाक यांनाही द्यायला हवा होता. पाटलाने सुताराकडे बघितलं, सुताराने कुऱ्हाडीकडे बघितलं, आणि तेव्हा मात्र ठकूबाई मधे आली. म्हणाली, "खबरदार! त्या फांदीला फडकं बांधलं होतं बाबांनी. आता सगळ्या माळालाच फडकं बांधल्यासारखं झालंय. कळत नाही का तुम्हाला?"

कळलं. सगळ्यांना एकदमच कळलं, आणि कळल्याबरोबर जो तो म्हणू लागला की मला आधीच वाटत होतं.

त्या आश्विनात राहिलेला नर फुलला. सटवाजीने त्याच्या तुऱ्यांच्या डहाळ्या काढल्या, पाण्याच्या लहान मडक्यांत ठेवल्या, आणि ती मडकी लांबच्या तेरा झाडांच्या फांद्यांना टांगली. रोज पाणी बदलायचं, सुकलेली डहाळी काढून ताजी लावायची. या वेळी कुणी हसलं नाही. वास आला तरी कुणी नाक धरलं नाही, निदान सटवाजी बघत असताना तरी नाही. माश्या आल्या. मडक्यातल्या फुलांवर बसल्या, तिथून शेजारच्या फुलांवर गेल्या. दोन महिन्यांनी फांद्यांवर बोटाएवढ्या हिरव्या शेंगा दिसू लागल्या.

पण खरनुबाची शेंग पिकायला वर्ष लागतं. ते कुणाच्या पश्चात्तापाने लवकर होत नाही. चैत्र आला तेव्हा कोठ्यांत तीन झाडांच्या शेंगा होत्या, त्या पंधरा दिवसांत संपल्या. झाडांवरच्या शेंगा हिरव्या, तुरट. गुरं त्या तोंडातून टाकून देत.

गुरं पुन्हा डोंगराकडे निघाली. दोन वर्षं गोठ्यात राहिलेली, चालायची सवय मोडलेली. ठकूबाईची तांबडी गाय वेशीपाशी थांबली आणि वळून उभी राहिली. तिला ढकलत न्यावं लागलं. तिचं वासरू, आता चांगली कालवड झालेली, तिच्यामागून गेलं.

पाऊस पडल्यावर गुरं आली. दर दहांमागे सहाच आली. कालवड आली. तांबडी गाय आली नाही.

भाद्रपदात सोळाही झाडांच्या शेंगा पिकल्या. पहिल्यासारख्या भरघोस नाहीत, पण कोठ्या अर्ध्या भरतील एवढ्या. तोडलेल्या नऊ बुंध्यांना सालीतून हिरवे फुटवे आले होते. त्यांना तुरे यायला अजून चार-पाच वर्षं लागणार होती, आणि या वेळी पाटलाने स्वतः त्यांच्याभोवती काटे लावले. हत्यारांची पूजा त्या गावात पुढेही होत राहिली, पण कुऱ्हाड घेऊन झाडाला विचारायला पुन्हा कुणी गेलं नाही.

तेव्हा बाळांनो, आणि मोठ्यांनो तुम्हीही, एवढं मनात धरा: ज्याचं काम आपल्या डोळ्यांना दिसत नाही, त्याला बिनकामाचं ठरवून तोडू नये.

त्या दिवशी सगळे टोपल्या भरून घरी गेले, तरी ठकूबाई मागे राहिली. सटवाजी तुटक्या बुंध्याशी बसून फुटव्यावरची कीड काढत होता. ती त्याच्यासमोर येऊन बसली.  तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि आवाजात राग होता, आणि तो राग कुणावर, हे तिचं तिलाही नीट ठाऊक नसावं.

ती म्हणाली, "आम्ही आंधळे होतो बाबा, मी सगळ्यांत जास्त. पण तुम्हाला तर दिसत होतं ना? मग रीत गेली असती खड्ड्यात, एकदा जोरानं ओरडायचं होतं तुम्ही!"